ऐकलंस का बघितलंस?

आषाढातली सकाळ होती. पावसानं उघडीप दिलेली, आणि भिलवडीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये दादाचा लाल मॅसी ट्रॅक्टर कुशीतली खिडकी उघडून उभा होता. हायड्रोलिकच्या, म्हणजे ऑइलच्या दाबानं औजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या, आतल्या एका पिनेवर लॉक चढवताना ते पकडीच्या टोकावरून सुटलं. ‘टिंग’ असा बारीक आवाज झाला आणि संपला. शेडमध्ये आम्ही चौघं होतो. दादानं जमिनीकडं पाहिलं, मी मागच्या टायरखाली वाकले, मिस्त्रींनी मात्र पोराच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगं म्हणालं, “मिस्त्री, लॉक आत पडलं.” मिस्त्रींनी विचारलं, “ऐकलंस का बघितलंस?” पोरानं क्षणभर डोळे मिटले, बहुतेक तो आवाज पुन्हा आठवून पाहिला, आणि सांगितलं, “ऐकलं. पहिल्यांदा लोखंडाला लागलं, मग त्यालात गेलं.”

मिस्त्रींनी हातातला पाना पुसून परातीत ठेवला आणि दादाला म्हणाले, “अण्णा, आज ट्रॅक्टर मिळत न्हाई.”

लॉक म्हणजे जोडव्याएवढी, जोडव्यासारखीच एका जागी फट असलेली पोलादी कडी. पिन जागची सरकू नये म्हणून तिच्या खाचेत बसवायची. दुकानात किरकोळ पैशांत मिळते, आणि मिस्त्रींच्या फळीवर ग्रीसच्या जुन्या डब्यात तसली मूठभर पडलेली होती. बारक्यानं (गॅरेजात त्याला सगळे बारक्याच म्हणतात) नुसतं “बाहेर उडालं वाटतं” म्हटलं असतं, तर दुसरं लॉक घेऊन अर्ध्या तासात खिडकी बंद झाली असती. लॉकं उडतातच. ती स्प्रिंगची जात, सुटली की शेडच्या तेलकट मातीत कायमची जातात, कुणी शोधतही नाही. शिवाय या कामाला त्याला लावलं होतं ते त्याचा हात बारीक म्हणून. मिस्त्रींचा पंजा त्या खिडकीतून मनगटापुढं जात नाही. म्हणजे आत काय झालं ते माहीत असणारा तो एकटाच. सोळा-सतरा वर्षांचं पोर, कोपरापर्यंत काळं झालेलं, आणि ट्रॅक्टरचा मालक दीड हातावर उभा. मालकाची घाई तर त्याच्या अंगावर दिसत होती.

घाईला कारण होतं. कृष्णाकाठच्या काळ्या रानाला वाफसा येतो तो फार थोडा वेळ. पाऊस थांबल्यावर मातीची वरची चमक जाते, ढेकूळ बोटांत दाबलं तर चिकटत नाही, फुटतं, चालताना टाच रुतत नाही. तेवढीच ती वेळ. तिच्या अलीकडं रान म्हणजे चिखल आणि पलीकडं दगड. दादाला उसाची आडसाली लागण धरायची होती. को ८६०३२ जातीचं बेणं तोडायला माणसं सांगून ठेवलेली, पाच फुटी सरी सोडायची, आणि लिफ्ट उचकत होती. लिव्हर हलवला की सरी पाडायचा रेजर मध्येच अडायचा, मग झटक्यानं वर यायचा. सरी कुठं गुडघाभर खोल, कुठं वीतभर. आतली पिन झिजलीय, वरचं न उतरवता खिडकीतनंच होतंय, असं मिस्त्रींनी सांगितलेलं. नवी पिन मीच सांगलीतून घेऊन सुट्टीला गावी आले होते. त्या सकाळी दादानं रानातली मूठभर माती उचलली, चोळली, वास घेतला आणि म्हणाला, “दुपारनं सरी सोडायचीच.” पश्चिमेला आभाळ पुन्हा काळं व्हायला लागलं होतं.

अशा वेळी पोरगं म्हणालं, आत पडलं.

मिस्त्रींनी आधी सोपे उपाय करून पाहिले. लांब दांडीचं चुंबक खिडकीतून आत सोडलं. चुंबक आहे म्हटल्यावर लोखंड निघालंच पाहिजे असं आपल्याला वाटतं, पण आत सगळंच लोखंड. भिंत बिडाची, शाफ्ट पोलादाचा, गेअर पोलादाचे. चुंबक दर चार बोटांवर कशाला तरी घट्ट बसतं आणि हाताला कळत नाही लॉक लागलं का भिंत. मिस्त्री ते सोडवून घ्यायचे, पुन्हा थोडं पुढं सरकवायचे. त्यांचे डोळे आत नव्हते, समोरच्या पत्र्यावर कुठंतरी होते, सगळं लक्ष बोटांत. मग खालचा नट उघडला. खिडकी काढायच्या आधी ऑइल थोडं कमी केलंच होतं, आता सगळं सोडलं. घमेल्यावर जाळी आणि जाळीवर धुतलेलं फडकं. आधी मनगटाएवढी काळपट धार, तिचा तो जड, जळकट वास शेडभर, मग करंगळीएवढी, मग सुतासारखं बारीक ओघळणं. फडक्यावर चमचमणारी लोखंडाची पूड आली, जुन्या पॅकिंगचा एक तुकडा आला. लॉक आलं नाही.

“मिस्त्री, एवढंसं लॉक,” दादा म्हणाला. “गाळात बसंल तळाला. कुणाचं काय खातंय?”

“बसंल की. पण ट्रॅक्टर चढ-उतार करतुया, अण्णा. त्याल हलतंय, त्येच्याबरोबर ती हलतंय. आज बसलं म्हणून उद्या बसंल असं न्हाई.”

मॅसीच्या त्या पोटात काय काय आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. एकाच बिडाच्या घरात सगळं नांदतं. मागच्या चाकांना फिरवणारे क्राऊन आणि पिनियन हे गेअर, मधून जाणारा, मागच्या औजाराला फिरवणारा पीटीओचा शाफ्ट, आणि त्याच शाफ्टवर चालणारा, ऑइलमध्ये बुडालेला हायड्रोलिकचा पंप. पंपाच्या तोंडाला जाळी असते, त्यामुळं एवढं लॉक पंपात शिरत नाही. पण गेअरला जाळी नसते. दोन दातांच्या मधे कडक पोलाद आलं तर एकतर ते चेचतं किंवा दात तुटतो, आणि तुटलेला दात पुढच्या दातांत जातो. चेचून झालेली कीस मात्र जाळीतूनही जाते, आणि पंपातले व्हॉल्व्ह इतके नेमके घासून बसवलेले असतात की त्यांना ती कीस पुरते. चौरस इंचाला दोन-अडीच हजार पौंडांचा दाब धरून ठेवायचा, तर तिथं केसाएवढीही वाट राहून चालत नाही.

या सगळ्या रचनेचं मूळ आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनकडं जातं. शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता ओढला जायचा, आणि जमिनीत दगड किंवा मूळ आडवं आलं की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलून तो मागं उलटायचा, चालवणाऱ्याच्या अंगावर. फर्ग्युसननं नांगर आणि ट्रॅक्टर एकच वस्तू मानली. नांगराची खोली आपोआप राखणाऱ्या जोडणीचं पेटंट त्यानं १९२६ साली मिळवलं, आणि त्यातूनच पुढं आजची तीन सांध्यांची लिफ्ट आली. नांगर कठीण जमिनीत अडला की वरच्या लिंकला दाब बसतो. तो दाब स्प्रिंगमधून आतल्या दांड्यांना, दांड्यांतून पंपाच्या व्हॉल्व्हला पोचतो, नांगर दोन बोटं वर येतो आणि त्याचा भार मागच्या चाकांवर पडून चाकं जमीन धरतात. चालवणाऱ्यानं लिव्हरला हातही लावायचा नाही. मागं मातीत जे झालं ते आत कळलं पाहिजे, आणि तिथल्या तिथं कळलं पाहिजे, यावर सगळं चालतं. झिजलेली पिन याच वाटेवरची होती.

आमच्या पडवीत आजोबांचा लोखंडी नांगर अजून आहे, किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानातल्या ज्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, तो माळ आमच्यापासून काही फार लांब नाही. त्या नांगराला आत कुठं काही कळवायची सोय लागत नव्हती. दगडाचा धक्का रुमण्यातून थेट आजोबांच्या मनगटात यायचा. आई सांगते, नांगर अडला की आजोबा बैलांच्याही आधी थांबायचे. रुमणं आता वाळवीनं गेलंय, फाळ तसाच आहे. पावसाळ्यात त्याला हात लावला की तांबूस गंज बोटांना लागतो, आणि मला उगीचच बरं वाटतं.

मी मिरजेत ऑपरेशन थिएटरला सिस्टर आहे. म्हणून असेल, पण त्या शेडमध्ये मला सकाळपासून काहीतरी ओळखीचं वाटत होतं आणि ते काय हे लक्षात येत नव्हतं. ते आलं मिस्त्रींचं काम थांबल्यावर. बारक्या मोठ्यानं मोजत होता. खिडकीचे बोल्ट काढताना त्यानं एकेक बोल्ट परातीत टाकून “एक, दोन, तीन” असं खड्या आवाजात म्हटलं होतं. वायसर वेगळे, तेही मोजून. पकड आत नेताना “पकड आत”, बाहेर आली की “पकड भाईर”. मला वाटलं होतं पोराला खोड आहे. नंतर कळलं, तो नियम मिस्त्रींचा. हातात घेतलेली वस्तू तोंडानं सांगायची, पोटात जाणारी तर सांगायचीच.

आमच्याकडंही हेच असतं. पोट उघडण्याआधी रक्त टिपायचे मॉप, गॉज, सुया, हत्यारं मोजायची. पोट बंद करण्याआधी मोजायची. कातडी शिवण्याआधी पुन्हा. मोजणारी मोठ्यानं बोलते, दुसरी फळ्यावर लिहिते. प्रत्येक मॉपला एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तो असतो म्हणूनच की माणसं मोजूनही चुकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची यादी काढली, तिच्यात हा मोजणीचा मुद्दा आहे. पण त्याच यादीत आणखी एक मुद्दा आहे, जो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला नुसता शिष्टाचार वाटला होता. सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि आपलं काम बोलून सांगायचं. अगदी नव्या शिकाऊ मुलीनंसुद्धा. ज्यांनी थिएटरमध्ये वर्षं काढलीत त्यांना याचा अर्थ विचारावा. ज्या मुलीनं त्या खोलीत अजून तोंडच उघडलेलं नाही, ती अडीच तासांनी, सगळे दमलेले असताना, मोठ्या सर्जनना “थांबा” कसं म्हणेल? तिचा आवाज आधी एकदा तरी त्या खोलीत उमटलेला असावा लागतो.

पूर्वी मी होते त्या एका दवाखान्यातली रात्र आठवते. शिवायला सुरुवात झाली होती. एक शिकाऊ मुलगी, सांगोल्याकडची, फळ्याजवळ उभी होती. तिचे ओठ मास्कखाली हलत होते, ती तिसऱ्यांदा-चौथ्यांदा मोजत होती हे मला दिसत होतं. मग ती म्हणाली, “सर, एक मॉप कमी आहे.” इतक्या हळू, की पहिल्यांदा कुणी वळलंच नाही. दुसऱ्यांदा तिनं मोठ्यानं सांगितलं. सर्जनचे हात थांबले. भूलवाल्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि ते पाहणं सगळ्यांना ऐकू आलं. बादली उलटी केली, पायाखालच्या चादरी झटकल्या, पोटात पुन्हा हात घालून पाहिलं. शेवटी मॉप सापडला तो अंगावरच्या हिरव्या कापडाच्या घडीत, रक्तानं चिकटलेला. पोटात नव्हताच. कुणी तिला रागावलं नाही. पण “बाहेरच होता की” असं कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. नंतर ती बेसिनपाशी किती वेळ हात धूत राहिली. मला विचारलं, “मॅडम, उगीच बोलले का?” मी नाही म्हटलं, चांगलं केलंस म्हटलं. पण तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की तिनं त्या रात्री शिकायची ती गोष्ट माझ्याकडून शिकलीच नव्हती, त्या सुस्काऱ्याकडून शिकली होती.

मिस्त्रींचा प्रश्न मला भिडला तो यासाठी. असा प्रसंग आला की मोठ्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य काय बाहेर पडतं, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. “नीट मोजलंस का?” यात मोजणाऱ्यावर संशय असतो. “कसं पडलं?” यात आरोप असतो. “ऐकलंस का बघितलंस?” यात दोन्ही नाही. पोराचं म्हणणं खरं धरलंय, फक्त ते कुठल्या इंद्रियानं कळलं एवढंच विचारलंय. बघितलं असतं तर जागा सांगता आली असती. ऐकलं म्हणजे आवाजावरून जागा काढायची. कामाचा प्रश्न होता तो, आणि पोरानं कामाचंच उत्तर दिलं.

याच्या उलटी गोष्ट आमच्या घरात घडून गेलीय. चुलत्यांचा ट्रॅक्टर, मी कॉलेजात असतानाचा. त्यांनी तो दुसरीकडं कुठंतरी दुरुस्त करून आणला आणि पुढं भर हंगामात, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना, चढावर ‘कट्’ असा आवाज होऊन जागेवर बसला. उघडल्यावर क्राऊनचे दात गेलेले, आणि गाळात एक चेचलेला बोल्ट, जो त्या घरातला नव्हताच. कुणाच्या तरी हातून पडला, त्याला ते कळलं होतं की नव्हतं, देवाला ठाऊक. कुणी कबूल झालं नाही. काकांनी म्हैस विकली. त्यांना म्हैस गेल्याचं दुःख होतंच, पण ते वारंवार एकच म्हणायचे: “पडला तर पडला. सांगायचं तरी.” त्या शेडमध्ये दादाला हे आठवत नसेल असं नाही. त्यानं तोंडातून शब्द काढला नाही, पण मिस्त्रींशी हुज्जत घालायचं थांबवलं आणि सीटचे बोल्ट सोडायला स्वतःच खाली बसला.

मग टॉप, म्हणजे हायड्रोलिकचं वरचं झाकण, उतरवला. सीट काढली, लिफ्टच्या हातांपासून खालच्या दांड्या सुट्या केल्या, भोवतीचे बोल्ट. बारक्याचं मोजणं चालूच, आता जरा मोठ्यानं. वरच्या गर्डरला चेन पुली अडकवली आणि ते अवजड बिडाचं झाकण, खाली लोंबणाऱ्या दांड्यांसकट, बोटबोट वर आलं. एका बाजूला दादा, एका बाजूला मिस्त्री, आत काही अडकू नये म्हणून. चिकटलेलं पॅकिंग सुटताना चर्रर्र आवाज आला. पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब तेव्हाच वाजायला लागले. दादानं वर पाहिलं नाही.

मिस्त्रींच्या शेडच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, एक मळकट आडवी रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुराची. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि काठच्या गावांत ट्रॅक्टर दिवसच्या दिवस बुडून उभे होते. पाणी ओसरल्यावर नट उघडला की ऑइलऐवजी पांढरं, फेसाळ काहीतरी बाहेर यायचं, असं मिस्त्री झाकण वर टांगलेलं असताना सांगत होते. त्या दिवसांत इतकी हायड्रोलिकं उघडली, म्हणाले, की कुठं काय पडून राहतं ते हाताला पाठ झालं. आणि तो पाठ झालेला हात त्यांनी पंपाच्या पुढच्या अंगाला, ओतकामाच्या एका कंगोऱ्याआड घातला. नाही. मग बारक्याला म्हणाले, “आधी लोखंडाला लागलं म्हणालास. आवाज बारीक होता का भरीव?” बारक्या म्हणाला, “बारीक. पातळ कायतरी होतं.” मिस्त्रींनी हात मागं घेतला, पंपाकडं जाणाऱ्या नळीखाली नेला, तिथल्या गाळात दोन बोटं फिरवली, आणि लॉक काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. नळीला लागलेला तो आवाज होता. पोरगं इतकं हसलं की त्याचे सगळे दात दिसले.

नंतर पुष्कळ काम होतं. आतला गाळ डिझेलनं धुणं, जुनं पॅकिंग पात्यानं खरवडणं, नवं कापून बसवणं, उलट्या क्रमानं मोजत सगळं परत चढवणं. लिफ्ट चालली तेव्हा अंधारलं होतं आणि पाऊस बसकण मारून बसला होता. वाफसा गेला. बेणं तोडून झालेलं, ते ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावं लागलं, त्यातलं बरंच नंतर टाकून द्यावं लागलं, आणि लागण लांबली ती ऑगस्टात गेली. हे नुकसान खरं आहे. त्या संध्याकाळी मी दादाच्या ताटात भाकरी वाढली तेव्हा तो बोलला नाही, आणि मलाही सांत्वनाचं काही सुचलं नाही.

आमचं वाजलं ते बिलावरून. मिस्त्रींनी पिन बसवल्याची मजुरी घेतली, पॅकिंगचे आणि नव्या ऑइलचे पैसे घेतले, टॉप उतरवल्याचा एक रुपया लावला नाही. दादाला ते बरोबर वाटतं. पाडलं त्यांनी, काढलं त्यांनी. मला ते पटत नाही. पोरगं गप्प बसलं असतं तर मिस्त्री अर्ध्या तासाची मजुरी खिशात घालून दुसऱ्या ट्रॅक्टरला लागले असते. त्यानं सांगितलं म्हणून दोघांचा आख्खा दिवस फुकट गेला. सांगणाऱ्यालाच दर वेळी भुर्दंड पडायला लागला तर असली पोरं टिकणार कशी, मिस्त्री तरी असं काम किती वर्षं करणार? दादा म्हणतो, “आणि माझा वाफसा गेला तो कुणी भरायचा?” त्याचंही खोटं नाही. पण वाफसा बारक्याच्या बोलण्यानं गेला नाही, लॉक पडल्यानं गेला, आणि क्राऊन वाचला तो मात्र बोलण्यानं वाचला. निम्मी मजुरी तरी द्यावी असं मी म्हणते. दादा म्हणतो, ऊस गेल्यावर बघू. आडसालीला तोड यायला दीड वर्ष आहे, मी तेवढं थांबणार नाही. दिवाळीला गावी गेले की भिलवडीला जाऊन पैसे मिस्त्रींच्या हातात देईन, आणि बारक्या समोर असताना देईन.